वेग मंदावणारा मंत्र: काढून घेतलेला वेग जातो कुठे? (कथेसाठी मदत हवी)

वेशीपलीकडची

नमस्कार मंडळी,

मुलांसाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. घडते सोलापुरात, पूर्व भागात. नायिका बारा वर्षांची. खाली यंत्रमाग, वर राहायची खोली, असं घर. तिच्या हाती एक मंत्र लागतो. हलणाऱ्या वस्तूवर नजर रोखून तो म्हटला की वस्तू मंदावते. मंत्राला बाकी काही येत नाही. वस्तू उचलता येत नाही, वळवता येत नाही, वेग वाढवता येत नाही.

असे मंत्र गोष्टींमध्ये नवे नाहीत. हॅरी पॉटरच्या २००४ सालच्या चित्रपटात झाडूवरून कोसळणाऱ्या मुलाला मुख्याध्यापक 'अरेस्टो मोमेंटम' म्हणून सावरतात. पुस्तकात तर ते नुसती छडी फिरवतात, मंत्राचे शब्द चित्रपटाने घातले. प्रसंग मला फार आवडतो, पण एक गोष्ट कायम टोचत राहते. मंत्र म्हटला, पोरगं वाचलं, आणि म्हणणाऱ्याला काहीच मोजावं लागलं नाही. पडणाऱ्या माणसाचा एवढा वेग गेला कुठे? मागाशेजारी वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडणारच. वेग फुकट मिळत नाही हे तिला ठाऊक आहे, दर महिन्याला घरात विजेचं बिल येतं.

म्हणून मला या मंत्राचे नियम पक्के करायचे आहेत. मुलं फार चोख वाचतात. तिसऱ्या प्रकरणात एक नियम आणि नवव्यात दुसरा, असं झालं तर ती पुस्तक मिटून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

पहिला प्रसंग असा योजला आहे: वडील चादर विणतायत, ही शेजारी उभी राहून मंत्र पुटपुटते आणि ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांमधून, जाणारा धोटा (आडव्या धाग्याची कांडी इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा) एकदम संथ होतो, पाण्यातल्या माशासारखा सरकत पलीकडे जातो. ती हरखून बघत राहते. मागावर काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा, हे दृश्य पटतंय का?

कडक_भाकरी

विषय मस्त. पूर्व भागात घडणारी जादूची गोष्ट आजवर वाचलेली नाही. जागा पकडून बसते.

जॉबर_अक्कलकोटरोड

ताई, दृश्य दिसायला छान आहे, पण मागावर तसं होणार नाही. धोटा संथ झाला तर तिथे अपघात होईल. सांगतो बघा.

माग मिनिटाला १२० फेक घेतोय असं धरा. म्हणजे एका फेकीला अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली होतात, मधे वाट उघडते, धोटा या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत जातो, वाट मिटते आणि फणी येऊन बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा ठोकून बसवते. धोट्याच्या वाट्याला या सगळ्यातला साधारण एक तृतीयांश वेळ येतो. म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तेवढ्यात दोन मीटर काटायचे. हिशेब केला तर सेकंदाला बारा मीटर होतात.

आता तुमच्या पोरीने धोटा मंदावला. पण माग कुठे मंदावलाय? मोटर चालू, पट्टा चालू, वाट मिटायच्या वेळेला मिटणार. धोटा अजून मधेच. वरचे धागे खाली आले, खालचे वर, आणि धोटा त्यांच्या कचाट्यात. त्यात मागून फणी आली. शेकड्यांनी धागे तुटतील. ते एकेक धागे शोधून, फणीतून ओवून, गाठी मारून परत लावायचे म्हणजे विणकराचा दिवस गेला आणि त्या दिवसाची मजुरी गेली.

एक बचाव आहे. धोटा पेटीत पूर्ण शिरला की पेटीतली एक पट्टी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. ती ढकलली गेली तरच फणीला पुढे यायची वाट मोकळी राहते. धोटा वेळेत पोचलाच नाही तर पट्टी हलत नाही, खालचा दांडा लोखंडी ठोकळ्याला अडतो आणि माग मोठा दणका देऊन जागच्या जागी थांबतो. पट्टी नीट लावलेली असेल तर ताणा वाचतो. म्हणजे तुमच्या प्रसंगात धोटा माशासारखा सरकायच्या आधी धाडकन आवाज येणार आणि बाप वळून बघणार.

मला विचाराल तर तोच प्रसंग जास्त चांगला आहे. पोरीला पहिल्याच खेपेला कळतं की एकट्या धोट्याला संथ करून भागत नाही, त्याच्या आगेमागे सगळं ठरलेल्या वेळेवर पळत असतं.

वेशीपलीकडची

काका, तुम्ही माझा पहिला प्रसंग मोडून त्याहून चांगला हातात दिलात. दणका ठेवते. बापाचं वळून बघणंही ठेवते.

गतिज

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे 'वेग जातो कुठे' वाचून राहवलं नाही.

हलत्या वस्तूजवळ दोन गोष्टी असतात, गतिज ऊर्जा (हालचालीची ऊर्जा) आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग). वस्तू मंदावली की दोन्ही कमी होतात आणि दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो. ऊर्जेचं रूप बदलता येतं, ब्रेक लावल्यावर तिची उष्णता होते. संवेगाला रूप बदलायची सोय नाही, तो दुसऱ्या कशाला तरी द्यावाच लागतो. एस.टी. ब्रेक लावते तेव्हा टायर रस्त्याला पुढे ढकलतात आणि संवेग पृथ्वीला जातो. पृथ्वी इतकी जड की तिला पत्ता लागत नाही.

तुमची मुलगी जर संवेग स्वतःच्या अंगावर घेत असेल तर गोष्ट पहिल्याच बसपाशी संपेल, ती फेकलीच जाईल. म्हणून माझी सूचना: मंत्र म्हणताना तिचे पाय अनवाणी आणि जमिनीला टेकलेले हवेत. संवेग जमिनीत जाईल. खाटेवर, झोक्यावर, दुसऱ्याच्या खांद्यावर असताना मंत्र चालणार नाही. मुलांना हा नियम लगेच समजेल आणि तुम्हाला अडचणीचे प्रसंगही भरपूर मिळतील.

ऊर्जा मात्र तिच्या अंगात उष्णता होऊन येऊ द्या. मुलीचं वजन ४० किलो धरलं तर तिचं अंग एक अंश सेल्सियसने तापायला साधारण १४० किलोज्यूल लागतात. आता बघा.

धोटा ४०० ग्रॅमचा, वेग सेकंदाला १२ मीटर. ऊर्जा जेमतेम २९ ज्यूल. तिला काही जाणवणारही नाही. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १३० किलोमीटरने आला तरी शंभरेक ज्यूल, म्हणजे तेही काही नाही. माणसं बसलेली रिक्षा, ७०० किलो, ताशी ३६ किलोमीटर: ३५ किलोज्यूल, पाव अंश. गाल गरम होतील इतकंच. मोटार, १,२०० किलो, ताशी ७२ किलोमीटर: २४० किलोज्यूल. पावणेदोन अंश, म्हणजे चांगला ताप. आणि १४ टनांची भरलेली बस, ताशी ५४ किलोमीटर: १,५७५ किलोज्यूल. सव्वाअकरा अंश. माणूस जगत नाही.

यातली खरी गंमत ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते यात आहे. बसचा वेग निम्मा करणं म्हणजे निम्मं काम नव्हे, त्यातच पाऊण ऊर्जा निघून येते. तिने बस ५४ वरून फक्त ५० वर आणली तरी अंगात दीड अंशाहून जास्त भर पडते. म्हणजे वेगवान आणि जड वस्तूला ती जरासा हात लावू शकते, तेवढंच. आणि तेवढ्यावर रस्त्यातलं लेकरू वाचवायचं असेल तर तो 'जरासा' नेमका कुठल्या क्षणी वापरायचा, हे तिला ठरवावं लागेल.

कडक_भाकरी

त्यात ही मे महिन्यात सोलापुरात! पारा ४३ वर, अंग आधीच तापलेलं, घाम निघून वाळूनही गेलेला. तेव्हा तर चेंडूशिवाय काही मंदावायची सोय उरणार नाही. ताई, कथा उन्हाळ्यातच घडवा.

फासेवाला

फासे टाकून कल्पित पात्रं चालवायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा आमचा छोटा गट आहे, म्हणून त्यातले दोन मंत्र सांगतो. ते तुमच्या विषयाच्या अगदी जवळचे आहेत.

एक 'फेदर फॉल'. पडणाऱ्या जास्तीत जास्त पाच जणांवर एकाच वेळी चालतो. पडायचा वेग सहा सेकंदांना ६० फूट इतका होतो आणि मिनिटभर टिकतो. म्हणजे सेकंदाला १० फूट, ताशी अकराएक किलोमीटर. गणित केलं तर दीड फुटाच्या ओट्यावरून खाली उडी मारल्यावर पाय टेकताना जो वेग असतो, तोच हा. आकडा फार नेमका निवडलाय. कितीही उंचावरून पडा, शेवटी ओट्यावरूनच उतरलात.

दुसरा 'स्लो'. ४० फुटांच्या चौकोनी जागेतले सहा जण निवडायचे. त्यांची चाल निम्मी होते, शिवाय वार चुकवणंही जड जातं. यासाठी मळीचा एक थेंब जवळ बाळगावा लागतो. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात ही वस्तू मिळायला अडचण नाही!

दोन्हींची किंमत एकच: दिवसभरात असे मंत्र मोजकेच म्हणता येतात. खेळासाठी ते पुरतं. पण गतिज सरांचा हिशेब मला कितीतरी जास्त आवडला. आमच्या खेळात उंदराला आणि बैलाला एकच भाव पडतो.

वेशीपलीकडची

सर, ताप येण्याचा नियम शंभर टक्के घेतेय. आईला वाटणार पोरीला ऊन लागलं, ती कांदा फोडून देणार, आणि खरं कारण फक्त वाचणाऱ्याला ठाऊक!

आता दोन शंका. छतावरून पडणाऱ्या माणसाला तिने एकदम मंदावलं, तर तो झटका त्याला जमिनीवर आपटल्यासारखाच बसणार नाही का? आणि 'मंदावलं' म्हणजे नक्की कशाच्या मानाने?

गतिज

दोन्ही शंका नेमक्या आहेत.

झटक्याचं आधी. आपटल्यावर इजा होते ती शरीराचे सगळे भाग एकाच वेळी थांबत नाहीत म्हणून. पाय थांबले, धड अजून खाली येतंय. कवटी थांबली, आतला मेंदू पुढे जातोय. ओढ, दाब, चिरडणं हे सगळं या फरकातून येतं. गुरुत्वाकर्षण शरीराच्या कणाकणाला सारखंच ओढतं, म्हणून मुक्तपणे पडताना आपल्याला कसलाच दाब जाणवत नाही. तुमच्या मंत्रानेही तसंच वागावं. केसापासून नखापर्यंत प्रत्येक कणाचा वेग एकाच वेळी, एकाच प्रमाणात कमी झाला, तर पडणाऱ्याला पोटात कालवल्यासारखंही होणार नाही.

पण इथे एक फट बुजवून ठेवा. पदार्थाचे रेणू आपल्या जागीही हलत असतात, ती हालचाल म्हणजेच उष्णता. मंत्राने सरसकट सगळी हालचाल मंदावली तर वाचवलेला माणूस गोठेल. म्हणून मंत्र फक्त अख्ख्या वस्तूच्या वेगाला लागू. आतलं रक्त, श्वास, रेणूंची थरथर यांना त्याने हात लावायचा नाही.

दुसरी शंका तर फारच सुंदर. सोलापूर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे अख्खं गाव, तुम्ही, मी, भुईकोट किल्ला, सगळे ताशी सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेला चाललोय. मंत्राने हा वेगही काढून घेतला तर धोटा भिंत फोडून पश्चिमेला निघून जाईल. तेव्हा 'मंदावणं' हे तिच्या पायाखालच्या जमिनीच्या मानाने धरा. अनवाणी पायांच्या नियमाशी ते जुळतंही. ती सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये असेल तर तिची जमीन म्हणजे डब्याचं तळ. डब्यात कुणी फेकलेला चेंडू ती मंदावू शकेल. पण खिडकीतून दिसणारा झाडावरचा आंबा तिच्या दृष्टीने ताशी शंभर किलोमीटरने मागे पळतोय. त्याच्यावर मंत्र टाकला तर आंबा झाडावरून तुटून गाडी चाललीय त्याच दिशेने झेपावेल.

फासेवाला

आंब्याचा प्रसंग घ्याच. प्लीज.

होम_मैदान

सोलापूरची गोष्ट म्हणजे सिद्धेश्वर यात्रा हवी. जानेवारीत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, रस्ते माणसांनी फुललेले. गर्दीत एखादा नंदीध्वज कलतो आणि ही पोरगी मंत्राने त्याला सावरते. केवढा थरार होईल!

शेंगाचटणी

यात्रा घ्या, पण हा प्रसंग घेऊ नका, कळकळीची विनंती. एवढा उंच, जड काठीचा नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून मिरवणुकीत चालणारी माणसं यात्रेआधी किती दिवस सराव करतात हे आपण सगळे बघतो. पहाटे रस्त्यावर सरावाची काठी घेऊन निघतात. तोल जायला लागला की बाजूचे लगेच दोर धरून साथ देतात. तो तोल त्यांचा आहे, त्यांच्या श्रद्धेने आणि खांद्यांनी कमावलेला. तिथे जादू आणली तर त्यांचं श्रेय कमी होतं. पोरीने गर्दीत उभं राहून बघावं. मंत्र येत असूनही तो म्हणायची गरजच पडू नये.

होम_मैदान

पटलं. शब्द मागे घेतो.

जॉबर_अक्कलकोटरोड

गतिज सरांना एक जोड देतो. काठी जितकी उंच तितकी ती सावकाश कलते. हातावर पेन्सिल उभी करून बघा, क्षणात पडते. लांब बांबू सावरायला वेळ देतो. म्हणून तिथे मंत्र नसला तरी चालतं, तरबेज माणूस पुरतो.

शेंगाचटणी

एक विचार मनात घोळतोय. उष्णता तिच्या अंगातच जायला हवी का? तिने एक हात पाण्यात ठेवला असेल तर? पाण्याच्या घागरीत, रांजणात? मग ताप तिला न येता पाण्याला येईल.

आणि पाणी म्हटलं की आपल्या गावात काय होतं ते सांगायला नको. नळाला रोज पाणी नाही, मधे काही दिवस जातात. घरातली प्रत्येक घागर मोजलेली. त्या घागरीत हात घालून ही मंत्र म्हणणार म्हणजे आईच्या नजरेसमोरून घरचं पाणी तापवणार.

गतिज

अहाहा! थांबा, हिशेब करतो.

१५ लिटरची घागर एक अंशाने तापायला सुमारे ६३ किलोज्यूल. वरची मोटार थांबवली तर पाणी चारेक अंशांनी तापेल, हाताला कळेल न कळेल. भरलेली बस थांबवली तर पंचवीस अंश. ३० अंशांचं पाणी ५५ वर जाईल, हात भाजेल, पण मुलगी जगेल. २०० लिटरचं पिंप असेल तर बसची ऊर्जा दोन अंशांतच जिरते. आणि सिद्धेश्वर तलावात ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, तर कितीही मोठी वस्तू आली तरी तलावाला फरक पडणार नाही.

म्हणजे तुमच्या कथेच्या जगात जिथे पाणी तिथे बळ. पिंप भरलेलं असताना पोरगी बस थांबवू शकते, नळ येऊन पाच दिवस झाले असताना रिक्षाशिवाय काही नाही. जपून वापरायचं म्हणजे काय, हे सोलापूरच्या मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.

वेशीपलीकडची

शेंगाचटणी ताई, तुम्ही कथेचा कणा दिलात. मी कधीची मंत्राची किंमत शोधत होते, आणि ती घरातच भरून ठेवलेली होती. आता सगळी रचना दिसायला लागली आहे. नंदीध्वजाचंही तुम्ही म्हणता तसंच करणार, ती बघत राहील.

शेवटचा मोठा प्रसंग मागावरच घ्यायचा आहे. धोटा मागातून निसटून बाहेर उडतो, धाकटा भाऊ वाटेत आहे. काका, धोटा खरंच उडतो का? उडाला तर कुठे जातो? आणि तिला कुठे उभी करू?

जॉबर_अक्कलकोटरोड

उडतो की हो. ताण्यातला एखादा तुटलेला धागा वाटेत गुंतला, पिकर (धोट्याला ठोसा देणारा भाग) झिजला, पेटी सैल झाली, वाट नीट उघडली नाही, यातलं काहीही झालं की धोटा बाहेर. लाकडी असला तरी दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं असतात, डोळ्याला लागला तर डोळा जातो. म्हणून मागापुढे धोटा अडवणारी दांडी लावायची असते. तुमच्या कथेत ती मोडकी दाखवा.

विणकर कापडाच्या समोर उभा असतो. धोटा आडवा पळतो, त्यामुळे मोठा धोका मागाच्या दोन्ही अंगांना, दोन मागांमधल्या बोळात. भावाला त्या बोळात बसवा. कांड्या गोळा करायला पोरं तिथेच वाकून बसतात. मुलीला पेटीच्या रेषेत उभी करू नका, बापाशेजारी समोर उभी करा, म्हणजे धोटा निघताना तिला दिसेल.

आणि एक. धोटा ताण्याच्या वाटेत असेपर्यंत तिने मंत्र म्हणायचा नाही, म्हटला तर बापाचा ताणा गेला. पेटी ओलांडून बाहेर पडल्यावरच म्हणायचा. मधे मिळतो तो सेकंदाचा दहावा भागसुद्धा नसेल. तो कधी येतो हे डोळ्याला दिसत नाही, पण मागाच्या आवाजात कळतं. चालता माग एका ठेक्यात वाजतो. धोटा पेटीत न शिरता बाहेर गेला की त्या ठेक्यातला एक ठोका येत नाही. पहिल्या प्रकरणात दणका ऐकलेल्या पोरीला तो आवाज ओळखता येईल.

धोटा उडायच्या प्रसंगाला पाण्याची गरज नाही हो सर, २९ ज्यूलच आहेत ना?

गतिज

२९ ज्यूलच, काका. घागर रिकामी असली तरी चालेल. पाय मात्र अनवाणी हवेत.